शीडबोट आणि घरची माणसं: तुमचे प्रश्न

गेल्या अंकात शिडाच्या छोट्या बोटींबद्दल चार ओळी लिहिल्या होत्या, त्यावर एवढी पत्रं येतील असं खरंच वाटलं नव्हतं. म्हापसा, मडगाव, वास्को, फोंडा, आणि तेरेखोलच्या पलीकडून वेंगुर्ल्याहूनसुद्धा. सगळी छापणं शक्य नाही. एकसारखे प्रश्न एकत्र केलेत आणि जिथे मला सांगण्यासारखं जास्त आहे तिथे जास्त लिहिलंय, बाकीच्यांनी राग मानू नका.

प्रश्न: काका, आम्ही मुंबईहून सेकंडहँड २५ फुटी फायबरची यॉट ट्रकवर घालून आणली, सध्या बेतीला आहे. मी डिंगी (लहान शीडहोडी) चालवलीय पण फॅमिलीला घेऊन कधी गेलेलो नाही. मुलं ७ आणि ११ वर्षांची आहेत. बायको म्हणते नदीत येते पण आग्वादच्या बाहेर, उघड्या दर्यात, येणार नाही. माझ्या मनात याच सीझनमध्ये सगळ्यांना घेऊन पाळोळेला जायचं आहे. तिला कसं पटवू? (एक वाचक, म्हापसा)

उत्तर: पटवू नका. वहिनींचं बरोबर आहे. त्यांना दिसतंय की बोट फक्त तुम्हाला येते, आणि उद्या तुम्हालाच काही झालं तर त्या आणि दोन पोरं दर्यात अडकणार. त्यांनी हे असं बोलून दाखवलं नसेल, पण घरच्या माणसांच्या "मला नको"च्या मागे बहुतेक वेळा हेच असतं, माझ्या घरात पण हेच होतं आणि मला ते कळायला दोन सीझन गेले.

जरा हिशोब करून बघा. बोट ५ नॉटने, म्हणजे ताशी ५ सागरी मैलांनी, चाललीय म्हणजे मिनिटाला साधारण १५० मीटर. जाइब करताना (मागचा वारा शिडाच्या दुसऱ्या बाजूला घेताना) बूम, म्हणजे शिडाखालचा आडवा दांडा, लागून तुम्ही पाण्यात पडलात आणि कुठली दोरी सोडायची हेच वहिनींना माहीत नसेल तर एका मिनिटात तुम्ही १५० मीटर मागे राहिलात, आणि दुपारच्या लाटांत तेवढ्या अंतरावरून माणसाचं डोकं शोधून सापडत नाही. म्हणून माझा एकच नियम आहे आणि तो मी कोणासाठी ढिला करत नाही, आग्वादच्या बाहेर जायचं तर बोटीवरच्या प्रत्येकाला बोट थांबवता आली पाहिजे. चालवायला सावकाश शिकतील, थांबवायला आधी.

थांबवायची म्हणजे मेनशीट (मोठ्या शिडाची दोरी) कुठली ते ओळखून ती सोडता यायला हवी, जिबची (पुढच्या शिडाची) शीट सोडता यायला हवी, दोन्ही सुटल्या की शीडं फडफडायला लागतात आणि बोटीचा जोर जातो. मग इंजिन न्यूट्रलमध्ये सुरू करणं आणि बंद करणं, पाणी उथळ असेल तर नांगर सोडणं, आणि व्हीएचएफ रेडिओवर चॅनल १६ लावून बोलणं. ११ वर्षांच्या पोराला हे सगळं येतं, खरंच येतं, आपणच त्याला हात लावू देत नाही म्हणून आपल्याला माहीत नसतं. धाकट्याला एकच काम द्या: कोणी पाण्यात पडलं की हात लांब करून त्याच्याकडे दाखवत राहायचं, नजर हलवायची नाही आणि कोणी काहीही सांगितलं तरी हात खाली घ्यायचा नाही. बाकी सगळे शीडं आवरत असताना त्या एका हातावरच माणूस परत सापडतो.

प्रॅक्टिसला न सोललेला नारळ घ्या. पाण्यात तो अर्धा बुडून तरंगतो आणि लांबून अगदी माणसाच्या डोक्याएवढाच दिसतो. नारळ टाकायचा, आणि तुम्ही सोडून बाकीच्यांनी तो परत आणायचा, तुम्ही हाताची घडी घालून गप्प बसायचं. गप्प बसणं जड जातं, पण तोंड उघडलंत की त्यांचं शिकणं तिथेच थांबतं. वहिनींनी स्वतःच्या हाताने तीनदा नारळ परत आणला की आग्वादच्या बाहेरचा प्रश्न त्या स्वतःच काढतील, बघा तुम्ही.

रेडिओच्या बाजूला मोठ्या अक्षरात लिहून लॅमिनेट केलेला कागद चिकटवा: मेडे (संकटाची हाक) तीनदा, बोटीचं नाव तीनदा, कुठे आहोत, काय झालंय, किती माणसं आहेत. "कुठे आहोत" साठी जीपीएसचे आकडे वाचायचे, ते जमलं नाही तर "आग्वाद दीपगृहाच्या पश्चिमेला २ मैल" असं सांगितलं तरी चालतं. किनाऱ्याजवळ मोबाइलला रेंज असते, कोस्ट गार्डचा १५५४ आणि कोस्टल पोलिसांचा १०९३ हे दोन्ही नंबर त्याच कागदावर हवेत. आणि मुलांची लाइफ जॅकेटं मापाचीच घ्या, पायांमधून येणाऱ्या पट्ट्याची. जॅकेट घालून, पट्टे आवळून, खांद्यांना धरून मुलाला उचलून बघायचं, जॅकेट कानांपर्यंत वर सरकलं तर ते मोठं आहे. युनिफॉर्म घेतो तसं पुढच्या वर्षी पण होईल म्हणून एक साइझ वाढवून घेणं इथे चालत नाही.

आता पाळोळे. नोव्हेंबर ते मार्च आपल्याकडे पहाटेपासून मतलय असतो, जमिनीवरून दर्याकडे, तो सकाळी ९-१० ला मरतो, मग तास-दीड तास पाणी तेलासारखं, आणि दुपारी वायव्येकडून खारा वारा सुरू होतो. मार्च-एप्रिलमध्ये तो १५ नॉटच्या वर सहज जातो. पाळोळे पणजीहून ३२-३३ सागरी मैल दक्षिणेला. म्हणजे जाताना वारा पाठीशी, सगळे खूश, फोटो काढतायत, आणि दुसऱ्या दिवशी येताना तोच वारा तोंडावर, २५ फुटी बोट प्रत्येक लाटेवर आपटत येणार, घर काही जवळ येत नाही आणि मुलं आडवी झालेली. पहिल्याच ट्रिपला असं झालं की ती मुलं पुन्हा बोटीवर पाय ठेवत नाहीत. म्हणून नवीन माणसांनी आधी उत्तरेला जावं. सकाळी मतलय कुशीवर (बाजूने) घेऊन बागा, हणजूणपर्यंत जायचं, किनाऱ्यापासून थोडं बाहेर नांगर टाकून जेवायचं आणि दुपारचा वारा पाठीशी घेऊन घरी. दमलेल्या माणसांना परतीची वाट सोपी हवी.

पण त्याही आधी तीन-चार रविवार नदीतच. बेतीहून रेइश मागुशच्या किल्ल्याखाली, मग कोको बीचसमोर, मग भर दुपारच्या वाऱ्यात मिरामारची उथळ बाजू टाळून काबोच्या दिशेने थोडं पुढे आणि परत. आग्वादच्या रेतीच्या बांधावरून जायचं ते भरती संपत आली असताना. सुकतीचं (ओहोटीचं) पाणी बाहेर धावतंय आणि वारा आत येतोय अशा वेळी तिथे लाटा आखूड आणि उभ्या होतात, नवख्या माणसांना ते दाखवू पण नका. शापोराच्या तोंडाशी रेती दरवर्षी हलते, तुमच्या बोटीची कील (तळाखालचा पंखा) सव्वा मीटर तरी असेल, तिथल्या मच्छीमारांना विचारल्याशिवाय आत घुसू नका. सीझनच्या शेवटी वेंगुर्ला करा, २४ मैल, ४ नॉटने ६ तास. पाळोळे पुढच्या वर्षी, आणि वहिनींनी सुचवलं तर.

प्रश्न: माझ्या ९ वर्षांच्या मुलीला बोट लागते. नदीत ठीक असते, बाहेर पडल्यावर अर्ध्या तासात उलट्या. तिला न्यायचंच बंद करू का? (मडगाव)

उत्तर: बंद नको ताई. आदल्या रात्री झोप पूर्ण, सकाळी पोट रिकामं नको आणि तेलकट पण नको, पोळी किंवा पोई (आपला गोव्याचा पाव) आणि केळं पुरे. उलटीची गोळी घ्यायची तर निघायच्या तासभर आधी, एकदा मळमळायला लागलं की तिचा उपयोग होत नाही, अव्होमिनने झोप येते, आणि लहान मुलांना किती द्यायची हे तुमच्या डॉक्टरांनाच विचारा. केबिनमध्ये पाठवायचं नाही, मोबाइल आणि पुस्तक नाही. बाहेर बसवून लांब क्षितिजाकडे किंवा किनाऱ्याकडे बघायला सांगा, आणि सगळ्यात चांगलं म्हणजे टिलर (सुकाणूचा दांडा) तिच्या हातात द्या, ज्याच्या हातात सुकाणू असतं त्याला बोट कमी लागते. आल्याचा तुकडा तोंडात ठेवून पण पुष्कळांना बरं वाटतं.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने. उलटी बादलीत करायची, रेलिंगवरून वाकून करायची नाही. माणसं अशा वेळी पाण्यात पडतात.

प्रश्न: बोटीवर स्वयंपाक कसा करावा? गॅस ठेवला तर चालतो का? (फोंडा)

उत्तर: गॅस हवेपेक्षा जड असतो. घरात गळला तर दारं-खिडक्या उघडून बाहेर घालवता येतो, बोटीत तो खाली बिल्जमध्ये (तळाच्या पोकळीत) जाऊन साचतो आणि तिथून त्याला वाटच नसते, मग एक ठिणगी पुरते. त्यामुळे सिलिंडर केबिनच्या बाहेर, तळाशी बाहेर उघडणारं भोक असलेल्या वेगळ्या कप्प्यात, आणि स्वयंपाक झाला की नॉब सिलिंडरवरचाच बंद करायचा. असा कप्पा बोटीत नसेल तर एका दिवसाच्या ट्रिपला गॅस नेऊच नका.

आमच्याकडे बहुतेक सगळं घरूनच निघतं. पेज थर्मासमध्ये, लोणचं, उकडलेले बटाटे, पोदेराकडच्या सकाळच्या पोया. काही गरम करायचं झालं तर प्रेशर कुकर वापरा, शिटी नाही लावली तरी झाकण अडकवून ठेवा, बोट अचानक कलली तर गरम डाळ कोणाच्या मांडीवर सांडत नाही. सोलकढी स्टीलच्या बाटलीत, उन्हात तिच्यासारखं दुसरं काही नाही. पिण्याचं पाणी माणशी ३ लिटर धरा, एक दिवसाची ट्रिप असली तरी, आणि त्याशिवाय एक कॅन न उघडलेला बांधून ठेवा.

प्रश्न: नदीच्या तोंडाशी इंजिन गरम होऊन अलार्म वाजायला लागला, कसेबसे आत आलो. मेकॅनिक म्हणतो इंपेलर गेला. दरवर्षी जातो का हा? (वास्को)

उत्तर: दरवर्षी जात नाही पण दरवर्षी बदलायचा. समुद्राचं पाणी खेचणाऱ्या पंपात ते पाकळ्यांचं रबरी चाक असतं. पाण्याशिवाय फिरलं की मिनिटभरात पाकळ्या करपतात. प्लास्टिकची पिशवी इनटेकवर (पाणी आत घ्यायच्या भोकावर) चिकटली, किंवा सीकॉक, म्हणजे त्या भोकाचा नळ, उघडायला विसरलं, एवढं पुरतं, आणि आपल्या नद्यांत पिशव्या किती वाहतात ते तुम्ही बघताच. इंजिन सुरू केल्यावर मागे वाकून एक्झॉस्टमधून पाणी फेकलं जातंय का हे बघणं ही सवय सगळ्यांना लावा, पाणी नाही तर लगेच बंद, "जरा आत पोचू दे मग बघू" करायचं नाही.

आणि बदलताना जुन्या इंपेलरच्या पाकळ्या मोजायच्या. हे मी सोसून शिकलोय म्हणून जोर देऊन सांगतो. आमच्या बोटीचा इंपेलर एका मेकॅनिकने बदलला, जुन्याची एक पाकळी तुटलेली होती, तो तुकडा पुढे पाइपात गेला होता, त्याने शोधला नाही आणि मी विचारलं नाही. दोन महिने इंजिन व्यवस्थित चाललं. मग एका एप्रिलच्या संध्याकाळी आग्वादच्या बांधावर असतानाच तो तुकडा इंजिन थंड ठेवणाऱ्या हीट एक्स्चेंजरच्या तोंडात अडकला, अलार्म वाजला, मी घाईघाईत झाकण उघडलं आणि वाफेने उजवा हात मनगटापर्यंत भाजला. बोटीवर आमची सून आणि ८ वर्षांचा नातू. सुनेने इंजिन बंद केलं, जिब उघडला, वारा पाठीशी होताच, आणि रेइश मागुशच्या खाली आणून नांगर टाकला, तोवर नातवाने माझ्या हातावर गोडं पाणी ओतत ठेवलं होतं. मी त्या अख्ख्या वेळात काही करू शकलो नाही. पहिल्या प्रश्नात जो नियम लिहिलाय त्यावर मी एवढा का अडून बसतो ते यावरून कळेल.

म्हणून बांधावरून आत येताना इंजिनवर असलात तरी शीड तयार ठेवा, नांगर बांधलेली दोरी सोडून ठेवा. स्पेअर इंपेलर, त्याचं गॅस्केट आणि तो काढायला लागणारं स्क्रूड्रायव्हर-पक्कड एका डब्यात, डब्यावर नाव. डिझेलच्या फिल्टरच्या काचेच्या वाटीत तळाला पाणी दिसतंय का हे महिन्यातून एकदा बघा, दमट हवेत अर्ध्या भरलेल्या टाकीत पाणी धरतंच, टाकी भरलेली ठेवली तर कमी.

प्रश्न: झिंक अॅनोड वर्ष झालं तरी तसाच आहे, झिजलेलाच नाही. म्हणजे चांगलंच ना? आणि तळाला शेवाळ, बार्नेकल फार धरतात, सहा महिन्यांत बोट जडच होते. (दुर्भाट)

उत्तर: चांगलं नाही, उलट काळजीचं आहे. अॅनोड स्वतः झिजून तुमचा प्रोपेलर आणि शाफ्ट वाचवतो, तो झिजत नसेल तर तो काम करत नाहीये. तुमची बोट नदीत वर उभी असते, पावसाळ्यात तिथलं पाणी जवळपास गोडंच होतं, आणि कमी खाऱ्या पाण्यात झिंकवर एक कडक पांढरट थर बसतो आणि तो झोपतो, नंतर खारं पाणी परत आलं तरी जागा होत नाही. नदीत राहणाऱ्या बोटीला अॅल्युमिनियमचा अॅनोड लावा, तो दोन्ही पाण्यांत चालतो. निम्मा झिजला की बदलायचा. त्यावर रंग लावायचा नाही, हे सांगायची गरज पडू नये पण मी रंगवलेले अॅनोड बघितलेत.

तळासाठी अँटीफाउलिंगचे (शेवाळ, बार्नेकल धरू न देणाऱ्या रंगाचे) दोन हात, आणि पाण्याच्या रेघेजवळ, सुकाणूच्या आणि कीलच्या पुढच्या कडेला तिसरा, रंग तिथे आधी जातो. जुना रंग कोरडा घासायचा नाही, ओला करून घासायचा, तोंडाला मास्क, कारण त्यातलं तांबं आणि विष हे जीव मारायलाच घातलेलं असतं, खाली ताडपत्री पसरून ती खरवड गोळा करायची, वाळूत किंवा खाजणात सोडायची नाही. मुलांना या कामापासून लांब ठेवा. बाकी सगळ्या कामांना त्यांना घ्या पण याला नको. आपले जुने लोक लाकडी होड्यांना काजूबियांच्या टरफलांचं तेल लावायचे, फायबरला ते काही उपयोगाचं नाही, बऱ्याच जणांनी विचारलंय म्हणून लिहितो.

तुम्ही दुर्भाटचे, एवढी दर्याशी जवळीक म्हणून एक आठवण करून देतो, तळ बघायला पाण्यात उतरायचं तर कुंभारजुवेच्या कालव्यात नको. तुमच्या भागात पौष अमावास्येला मातीची मगर करून पूजतात ती उगीच नाही, मगरी आहेतच तिथे.

प्रश्न: पावसाळ्यात बोट पाण्यातच ठेवली तर चालेल का? यार्डचं भाडं परवडत नाही. (पणजी)

उत्तर: भाड्याचं दुखणं कळतं मला, पण शक्यतो बाहेर काढाच. आणि काढायची ती जूनची वाट न बघता, मेच्या पहिल्या दहा दिवसांत. आगोटीच्या आधी रापणकार होड्या ओढून शाकारून ठेवतात, त्यामागे पिढ्यांचा हिशोब आहे. मासेमारी बंदी १ जूनला लागते हे खरं, पण तौक्ते वादळ २०२१ मध्ये १६ मेला गोव्याजवळून गेलं. दुसऱ्या टोकालाही तेच, २०१९ च्या ऑक्टोबरच्या शेवटी क्यार वादळाच्या दिवसांत माणसं नसलेलं नाफ्त्याचं एक मोठं जहाज मुरगावहून वाहत येऊन दोनापावलाजवळ रुतलं. आणि २००० च्या जूनमध्ये कांदोळीसमोर रुतलेली रिव्हर प्रिन्सेस वर्षानुवर्षं तिथेच गंजत पडलेली पुष्कळांना आठवत असेल, तेवढं अवाढव्य जहाज जिथे धरलं गेलं नाही तिथे आपल्या २५ फुटांचं काय. माझ्या हिशोबाने आपला फॅमिली सीझन नोव्हेंबर ते मेचा पहिला आठवडा. त्यातही निघायच्या आदल्या रात्री हवामान खात्याचा मच्छीमारांसाठीचा इशारा आणि हैदराबादच्या इनकॉइस या समुद्राची माहिती देणाऱ्या सरकारी संस्थेचा लाटांचा अंदाज बघायचा, एप्रिल-मेमध्ये कधी कधी इथे वारा नसताना सुद्धा लांबून, दक्षिणेच्या महासागरातून मोठ्या लाटा येतात आणि किनाऱ्याजवळ नांगरलेली बोट उचलून आपटतात.

पाण्यात ठेवायचीच झाली तर मग हे समजून ठेवा. गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो. एका दिवसात १०० मिलिमीटर पडला आणि कॉकपिट २ चौरस मीटरचं असलं आणि त्याच्या निचऱ्याच्या भोकात एक पान अडकलं तर २०० लिटर, म्हणजे तीन माणसांचं वजन बोटीच्या मागच्या बाजूला साचलं, आणि मागून बोट खाली बसली की इंजिनच्या एक्झॉस्टमधून पाणी आत यायला लागतं. बोट बुडते ती अशी, वादळाने नाही, पानाने. दर दोन-तीन दिवसांनी कोणीतरी जायलाच हवं. कॉकपिटच्या निचऱ्याचे सोडून सगळे सीकॉक बंद, प्रत्येकाला लाकडी गुटका दोरीने बांधलेला, बिल्ज पंपाला वेगळी बॅटरी आणि छोटं सोलर पॅनल, बॅटरी १२.२ व्होल्टच्या खाली जाऊ द्यायची नाही. दोन वेगवेगळ्या दोऱ्यांनी मूरिंग, जिथे दोरी घासते तिथे जाड होज पाइप चढवायचा आणि तो घासला की बदलायचा. शिवाय पुरात नदीतून ओंडके, केळीचे गड्डे, जलपर्णीची बेटं वाहत येतात, त्यामुळे मुख्य धारेत नको. डोलकाठी उतरवली तर पुलांच्या वर आत कुठेतरी आडोशाला नेता येते, उंची आधी मोजून, विचारून मगच.

बाहेर काढा किंवा आत ठेवा, शीडं उतरवायचीच. गोड्या पाण्याने धुऊन, सावलीत पूर्ण वाळवून, सैल घडी घालून घरात पंख्याखाली. इंपेलर काढून ठेवा नाहीतर त्याच्या पाकळ्या वाकलेल्याच राहतात. केबिनच्या गाद्या घरी, कपाटांची दारं उघडी, ताडपत्री घालताना दोन्ही टोकांना हवा खेळायला जागा, घट्ट गुंडाळली की आत सगळं बुरशीने काळं होतं. आणि डोलकाठी उतरली आहे तर तिच्या तारा हातात घेऊन बघा, कापड फिरवा, जिथे कापड अडकलं तिथे एक धागा तुटलाय. एक तुटला की ती तार बदलायचीच. स्टेनलेस आहे म्हणून गंजत नाही असं समजू नका, जिथे तार टर्मिनलमध्ये शिरते तिथे आतून गंजते, बाहेरून चकचकीत दिसते. साधारण १० वर्षांनी सगळ्या तारा बदलाव्यात असं म्हणतात आणि आपल्या खाऱ्या दमट हवेत ते मला पटतं. हे काम पावसाळ्यात घरी बसून करण्यासारखं आहे, मुलांना शेजारी बसवा, स्प्लिट पिन कुठली आणि क्लेव्हिस पिन कुठली हे त्यांना तेव्हाच पाठ होतं.

प्रश्न: आम्ही वेंगुर्ल्याचे, वडील मच्छीमार होते. गोव्याकडून येणाऱ्या शिडाच्या बोटी रात्रीच्या आमच्या जाळ्यांत घुसतात, जाळी कापून निघून जातात. याबद्दल लिहा. (वेंगुर्ला)

उत्तर: लिहितो, आणि तुमचं म्हणणं रास्त आहे. कापलेलं जाळं म्हणजे एका घराची कित्येक महिन्यांची कमाई. यॉटवाल्यांनो, रात्री फॅमिलीला घेऊन किनाऱ्याजवळून जायचंच कशाला? जाळ्यांच्या टोकाला थर्माकोलचा तुकडा नाहीतर प्लास्टिकचा कॅन असतो, दिवसा पण जवळ गेल्याशिवाय दिसत नाही. पहाटे निघा, उजेडात पोचा. एकजण पुढे बसून फक्त पाण्यावर नजर ठेवणार, झेंडा दिसला की दुसरा झेंडा कुठे ते शोधायचं आणि दोघांच्या मधून जायचं नाही. शिडावर असताना जाळ्यात शिरलात तर आधी शीडं सोडा, इंजिन लावू नका, बहुतेक वेळा जाळं कीलला नाहीतर सुकाणूला लटकलेलं असतं आणि हुकाने ढकललं की सुटतं. इंजिन लावलंत की ते प्रोपेलरला गुंडाळलं जातं आणि मग कापायची वेळ येते. कापावंच लागलं तर मालकाची वाट बघा, भरपाई द्या, पळून जाऊ नका.

वेंगुर्ला रॉक्सच्या आसपास पाण्याखाली खडक आहेत, तिथे पाकोळ्या घरटी करतात म्हणून लांबून बघायचा मोह होतो, तो भर उजेडात आणि अंतर ठेवूनच. आणि नोव्हेंबर ते मार्च मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबागला रात्री नांगर टाकलात तर नांगराचा दिवा सोडून बाकी लाइट बंद ठेवा, कासवं अंडी घालायला येतात, पिल्लं उजेडाकडे जातात आणि वाट चुकतात.

प्रश्न: मी १२ वर्षांची आहे. आमच्याकडे छोटी यॉट आहे. दादाला बाबा सुकाणू देतात, मला म्हणतात तू बस, तुला झेपणार नाही. मला खूप शिकायचं आहे. (बेती)

उत्तर: बाय गो, तू जिथे राहतेस तिथून चालत जाण्याच्या अंतरावर वेर्याला नौदलाचं आयएनएस मांडवी आहे. तिथून १० सप्टेंबर २०१७ ला सहा महिला अधिकारी तारिणी नावाच्या ५६ फुटी शीडबोटीतून निघाल्या आणि जगाला फेरी मारून २१ मे २०१८ ला परत आल्या. तीच तारिणी २ ऑक्टोबर २०२४ ला परत निघाली, या वेळी बोटीवर फक्त दोघी होत्या, आणि २०२५ च्या मेमध्ये त्या गोव्यात पोचल्या. आणि ती बोट बांधली कुठे, तर आपल्या दिवाडीवर. हे बाबांना वाचून दाखव.

बाबांना माझ्याकडून पण सांग, टिलरला ताकद लागत नाही, टिलर जड लागतोय म्हणजे शिडाचा ताळमेळ चुकलाय, मेनशीट थोडी सोडली किंवा रीफ घेतला (शीड थोडं लहान केलं) की तो दोन बोटांनी धरता येतो. वारा कुशीवर असताना सुरुवात कर, तेव्हा बोट सगळ्यात शहाणी असते. समोर रेइश मागुशचा किल्ला धर आणि नाळ (बोटीचं पुढचं टोक) त्याच्यावरून हलू द्यायची नाही, दहा मिनिटं. मग दादाला नारळ टाकायला सांग.

तोवर घरी दोन कामं कर. बोलाइन गाठ डोळे मिटून घालता आली पाहिजे, अंधारात आणि ओल्या हाताने लागते ती. आणि भरती काढायला शीक. आपले मच्छीमार पंचांग उघडून तिथीला पाऊणने गुणतात, अष्टमी असेल तर ८ ची पाऊणपट ६, म्हणजे साधारण ६ वाजता भरती, पौर्णिमेला सव्वाअकराच्या आसपास. शुद्ध आणि वद्य दोन्ही पक्षांत पहिल्या तिथीपासून मोजायचं. तिथून साधारण सहा तासांनी सुकती. हा ढोबळ अंदाज आहे, भरतीच्या छापील तक्त्याशी ताडून बघ आणि किती मिनिटं चुकलं ते रोज वहीत लिही, पंधरा दिवस. मग येत्या रविवारी बांधावरून किती वाजता बाहेर पडायचं ती वेळ तू काढ आणि शनिवारी रात्री जेवताना बाबांना सांग.